तुझ्या पेशी, माझे तळहात

दिंडोरी,
१९ नोव्हेंबर, प्रत्यारोपणानंतरचा दिवस १४०

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. ताप नाही, वजन ६१ किलोवर टिकून आहे, सोमवारच्या रिपोर्टात प्लेटलेट १,१०,००० आल्या. पाकीट फोडल्यावर तू आधी हेच शोधशील, म्हणून ते वर घातलं.

अक्षर हललंय त्याचीही काळजी करू नकोस. टॅक्रोलिमसच्या गोळीने हाताला बारीक कंप सुटतो. पेला धरला तर कमी, पेन धरलं की जास्त. तीन दिवस झाले, सकाळी थोडं, दुपारी थोडं असं लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. गोळ्या झाल्या का, पाणी किती प्यालात, एवढं विचारतेस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून देतेस. त्या रविवारनंतर व्हिडिओ कॉल तर तू केलाच नाहीस. आज दहा दिवस झाले.

त्या रविवारी आई फोन धरून बसली होती. मी बोलता बोलता हात वर केला आणि तुला माझे तळहात दिसले. भाजल्यासारखे लाल, बोटांच्या पेरांवर कातडी सुटलेली. "अण्णा, हे काय?" असं तू विचारलंस. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अगं, जीव्हीएचडी म्हणतात त्याला. डोनरच्या पेशी अंगाला लागतात, त्याने होतं." तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. इतके महिने डॉक्टरांच्या तोंडून डोनर, डोनर ऐकून तो शब्द तिला सलाइन आणि सुईसारखा झालाय. माझ्या रक्ताच्या कर्करोगासाठी मज्जेच्या पेशी देणारी डोनर म्हणजे समोर बसलेली आपलीच पोरगी, हे त्या घडीला तिच्या ध्यानात आलं नाही. तू म्हणालीस, आवाज तुटतोय, आणि कॉल बंद केलास. आवाज तुटत नव्हता, ताई.

मग काकूकडून कळलं. रात्री तू तिला फोन करून म्हणालीस, "मी अण्णांना वाचवायला गेले आणि माझंच रक्त त्यांना खातंय."

हे वाक्य तुझ्या डोक्यातून निघायला हवं. त्यासाठी हे पत्र. पण तुला काही समजावण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. आईला काल रात्री दिली, आज तुला देतो.

आम्ही १४ ऑक्टोबरला घरी आलो. शंभर दिवस मुंबईत, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत काढले होते. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला लागली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळा झाला होता. काच खाली घेऊ नका म्हणून आई दर पाच मिनिटांनी बजावत होती. मी मास्कच्या आतून भाताचा वास येतो का बघत होतो. नाही आला, पण डोळ्यांना दिसलं तेवढ्यानेच पोट भरलं.

घरी तुझ्या आईने काय काय केलंय ते तू फोनवर अर्धंमुर्धं पाहिलं आहेस. माडीवरची खोली माझी. पडदे काढले, खिडकीला बारीक जाळी ठोकून घेतली, कुंड्या सगळ्या काकाच्या अंगणात गेल्या. पाणी वीस मिनिटं खळखळ उकळायचं आणि झाकणाच्या कळशीत निवायला ठेवायचं. भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात. जे शिजेल ते दोन तासांच्या आत खायचं, उरलं तर दुसऱ्यांनी. कोशिंबीर नाही, दही नाही, लोणचं नाही, ओलं खोबरं नाही. केळं आणि मोसंबी चालतात, कारण त्यांची साल जाड, आणि तीसुद्धा आई धुऊन, स्वतः सोलून देते. द्राक्षं अर्थातच नाहीत. आपल्या घरात द्राक्षाला मनाई, हे ऐकून आजी बराच वेळ गप्प बसली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने आमटी वाढली आणि हाताच्या सवयीने वरून कोथिंबीर भुरभुरली. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि तिथेच थिजली. मी म्हटलं, पुन्हा एक उकळी दे, होईल. तिने ऐकलं नाही. ताट उचललं, खाली गेली, डाळ नव्याने शिजायला लावली. पाऊण तासाने पुन्हा ताट आलं. डोळे लाल होते तिचे, पण तिने कांद्याचं नाव सांगितलं. मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. चव अजून पत्र्यासारखीच लागत होती, तरी खाल्ल्या.

चव हळूहळू येतेय. पहिल्यांदा आंबट परतलं. चिंचगुळाच्या आमटीला एक दिवस खरोखर चिंच लागली आणि मी चमचा हातात धरूनच बसलो. तुला लहानपणापासून चिंच आवडते, म्हणून आजीची खात्रीच झाली आहे की ही ताईची जीभ आली. तिला मी समजावलं की जीभ माझीच आहे, ताईचं फक्त रक्त आलंय. तिला पटलेलं नाही.

आजीला दसऱ्यापासून सर्दी आहे, म्हणून ती माडीवर येत नाही. खाली ओट्यावर बसते, मी खिडकीत. सकाळ-संध्याकाळ मान वर करून विचारते, "जेवला का रे?" शनिवारी दृष्ट काढते तीही खालूनच. मूठभर मीठ-मोहऱ्या खिडकीच्या दिशेने तीनदा ओवाळते आणि मागच्या परसातल्या चुलीत टाकून येते, धूर माझ्याकडे यायला नको म्हणून. दिवाळीत दाराला झेंडू नव्हता. ताज्या फुलांत, मातीत, ओल्या पाचोळ्यात बुरशीचे कण असतात आणि माझ्यासारख्याच्या फुप्फुसाला ते झेपत नाहीत. काकूने तिच्या जुन्या पैठणीचे काठ कापून तोरण शिवलं. उंबऱ्यावर अजून तेच आहे, काढू दिलं नाही मी.

आता कबुली. यंदा पाऊस मे महिन्यात लागला तो ऑक्टोबर सरेपर्यंत हलला नाही. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर मे-जूनमध्ये काडीला ऊन लागतं, तेव्हाच तिच्यात पुढच्या घडाची गर्भधारणा होते. ते ऊन मिळालंच नाही. घड निघण्यासाठीची गोडी छाटणी काकाने केली, मी मुंबईतच होतो. घड किती निघाले विचारलं की तो म्हणायचा, "निघालेत दादा, तू तुझं बघ." त्याच्या 'निघालेत' म्हणण्यावरून मला कळायचं ते कळत होतं. ५ नोव्हेंबरला आई औषधं आणायला नाशिकला गेली, आजीचा डोळा लागला होता. साडेअकराच्या सुमारास मी जिना उतरलो. मास्क लावला होता. टोपी नव्हती, छत्री नव्हती, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. बांधावरून थॉमसन द्राक्षाच्या चार ओळी चालत गेलो. मातीला हात लावला नाही, वेलीलाही नाही, फक्त बघत उभा राहिलो. पंचवीस-तीस घड असायचे त्या वेलीवर आठ-दहा. काही वेलींवर नुसती पानं, आणि पानामागे डाऊनी बुरशीचा पांढरा थर. दोन्ही हात कमरेवर ठेवून, तोंड उन्हाकडे करून मी पाऊण तास उभा होतो. सुट्टी देताना हातात दिलेल्या कागदावर पहिल्या पानावर ठळक छापलंय की ऊन टाळा, उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी जागा होऊ शकतो. मला ते पाठ होतं. तरी उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग तळहात, मग छातीवर पुरळ.

१० तारखेला मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टरांना मी हे सांगितलं, आईला बाहेर बसवून. ते रागावले नाहीत. म्हणाले, ऊन हे एक कारण असेल. दुसरं असं की शंभराव्या दिवसानंतर आम्ही टॅक्रोलिमसची मात्रा थोडी उतरवली. त्या गोळीने नव्या पेशींना आवरून धरलेलं असतं, मात्रा उतरली की त्या हातपाय पसरतात. म्हणजे बघ, पाऊण तास उन्हात मी उभा राहिलो, मात्रा डॉक्टरांनी उतरवली. यात तू कुठे आहेस?

पेशी तुझ्या आहेत, हे मी नाकारत नाही. तुला खोटं सांगून गप्प करायचं असतं तर फोनवरच केलं असतं. तू शिकलेली आहेस, हे सगळं तू वाचलं असणार, पण रात्री एक वाजता एकटीने वाचलेलं माणूस स्वतःवरच उलटवून घेतं. म्हणून मला जसं उमजलं तसं सांगतो.

तू आठ-नऊ वर्षांची असताना आपण खालच्या मळ्यात डॉगरीज जातीचे खुंट लावले होते. ऑगस्टअखेर कलमं भरायला माणसं आली तेव्हा तू प्लास्टिकच्या पट्ट्या धरून त्यांच्या मागे मागे फिरायचीस. खुंट चिरायचा, थॉमसनच्या काडीला पाचर करायची, साल सालीला भिडवायची, पट्टी घट्ट आवळायची. मग पंधरा-वीस दिवस बघत बसायचं. डोळा फुगून हिरवा कोंब दिसला की तू ओरडायचीस, "फुटलं, फुटलं!" मी वॉर्डात पडून तेच करत होतो. रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा यायचा. शून्य पूर्णांक काहीतरी, पुन्हा शून्य पूर्णांक काहीतरी. सतराव्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आत आल्या आणि त्यांचं तोंड बघूनच मला कळलं की फुटलं. फरक इतकाच की वेलीत मूळ जुनं आणि काडी नवी असते. माझ्यात वरची वेल जुनी आणि रक्ताची मुळं नवी, तुझी.

कलमाच्या सांध्याला गाठ येते, आठवतं? दोन वेगळ्या जातींची सालं एकमेकींत मिसळताना तिथे फुगवटा धरतो. वेलीत तेवढ्यावर भागतं. माणसात जरा जास्त होतं, कारण आपल्या टी-पेशी पहारा करतात. समोरचा आपला की परका हे त्या बघतात, आणि ती ओळख पटवणाऱ्या खुणांना एचएलए म्हणतात. त्या खुणांचा अर्धा संच प्रत्येकाला आईकडून मिळतो, अर्धा बापाकडून. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, काकाचं जुळलं नाही. नोंदणीतल्या दात्यांतही कोणी सापडलं नाही. मुलगी मात्र बापाशी अर्धी जुळतेच, त्यात नशिबाचा भाग नसतो. असं अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण पूर्वी फार धोक्याचं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध द्यायची रीत बसवली, त्यामुळे आलेल्या पेशींतल्या जास्त चवताळलेल्या तेवढ्या मरतात आणि बाकीच्या नांदतात. मलाही ते दोन दिवस तेच दिलं होतं. त्या दोन दिवसांबद्दल मी कधी बोलणार नाही, पण त्यामुळेच आज मी खिडकीत बसून हे लिहितोय.

तर माझ्यातलं जे अर्धं तुझ्यात उतरलं, ते तुझ्या पेशी ओळखतात. जे अर्धं तुझ्यात आलंच नाही, ते त्यांना परकं वाटतं. ते एक तर आजीकडून आलेलं असणार, नाही तर आजोबांकडून. आजोबा तू पाहिलेच नाहीस, तुझ्या जन्माआधी चार वर्षं गेले. माझा असा समज झालाय की माझ्या तळहातांत तुझ्या पेशींना आजोबा भेटले आणि त्यांनी त्यांना ओळखलं नाही. रात्री कातडीची आग होते तेव्हा मी हेच मनात घोळवतो. ओळख व्हायला वेळ लागणारच.

आता जे सांगतो ते नीट वाच. ज्या पेशी माझ्या कातडीला परकं समजतात, त्याच पेशी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशीलाही परकं समजतात. केमोने जे दिसत होतं ते मारलं. न दिसणारं कुठे तरी दबून बसलेलं असू शकतं, आणि त्याच्यामागे आता कोणतं औषध लागलेलं नाही, तुझा पहारा लागला आहे. १९७९ साली सिएटलच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं की ज्यांना जीव्हीएचडी झाला त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. हे काम ज्यांनी उभं केलं त्या डॉ. डॉनल थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. मला आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली आणि ती मी तुझ्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवली. दाता अगदी हुबेहूब जुळं भावंड असलं तर जीव्हीएचडी होत नाही, पण आजार परतायचा धोका वाढतो. म्हणजे तू माझ्यापेक्षा अर्धी वेगळी आहेस, त्या वेगळेपणाचाच मला आधार आहे.

"थोडा जीव्हीएचडी आला तर मी घाबरत नाही," असं ते म्हणाले, "फार आला तर घाबरेन." माझा थोडा आहे. पोट साफ आहे, जुलाब नाहीत, यकृताच्या तपासण्या बरोबर आल्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ६० मिलिग्रॅमवर सुरू केलं, आठवड्याभरात पुरळ उतरलं म्हणून परवापासून ५० वर आणलंय. त्याने झोप उडते, साखर वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल दिसतं. रात्री दोनला भूक लागते आणि आई उठून ताजा उपमा करते. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, टॅक्रोलिमसचे दोन गजर तिच्याच फोनमध्ये आहेत. तपासणीला रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, हे मी एकदा विसरलो असतो, तिने हातातून काढून घेतली.

तूही माझ्यापासून लपवलं आहेस. जूनच्या शेवटी पाच दिवस ती इंजेक्शनं घेत होतीस आणि विचारलं की म्हणायचीस, "काही नाही अण्णा, थोडं अंग दुखतंय." चौथ्या दिवशी मी वॉर्डाच्या काचेतून तुला जिना चढताना पाहिलं. एका हाताने कठडा धरून, दुसरा कमरेवर, पायरीगणिक थांबत. मज्जेतून पेशी बाहेर पडायला लागल्या की हाडं ठणकतात, हे मला आधीच सांगितलं होतं. माझ्यात आणि तुझ्यात वीस किलोंचा फरक, म्हणून एका दिवसात भागलं नाही, दोन दिवस तुला त्या मशीनला जोडलं, दोन्ही हातांत सुया, चार-चार, पाच-पाच तास. मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतो, की मी पाहिलं होतं.

२ जुलैला संध्याकाळी पिशवी आली. मला वाटलं होतं रक्तासारखी गडद असेल. ती टोमॅटोच्या साराच्या रंगाची निघाली, आणि आकाराने किती लहान! सिस्टरनी लेबल माझ्या मनगटावरच्या पट्टीशी दोनदा ताडून पाहिलं. तुझं नाव मोठ्याने वाचलं, मग माझं. अर्ध्या-पाऊण तासात नळीतून सगळं आत गेलं. आई काचेपलीकडे हात जोडून उभी होती आणि तू खुर्चीत झोपली होतीस, मान एका बाजूला पडलेली.

शंभराव्या दिवशी मज्जा तपासली. पुरुषाच्या पेशीत एक्स आणि वाय असतात, बाईच्या पेशीत एक्स आणि एक्स. माझ्या रिपोर्टात सगळ्या पेशी एक्सएक्स निघाल्या, माझी जुनी एकही सापडली नाही. जन्मभर माझा रक्तगट ए होता, तो आता ओ झाला, तुझा. लाल पेशी १२० दिवस जगते म्हणतात, म्हणजे माझी शेवटची लाल पेशीसुद्धा एव्हाना गेली. तो कागद मी पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवलाय.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी बाप म्हणून बोलणार आहे. काकूने हेही सांगितलं की कंपनीने तुला दीड वर्षासाठी जर्मनीला जायला विचारलं आणि तू नाही म्हणालीस. कारण काय, तर अण्णांना पुन्हा पेशी लागल्या तर. तू हे मला विचारायला हवं होतंस. डॉक्टरांकडून मी स्पष्ट विचारून घेतलंय. आजाराने पुन्हा डोकं वर काढलं, तर तुझ्या लिम्फोसाइट, म्हणजे पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मागायची वेळ येऊ शकते, हे खरं आहे. आज ती आलेली नाही. आली तर मी स्वतः तुला फोन करीन आणि स्पष्ट मागीन, लाजणार नाही. तू विमानात बसशील, दुसऱ्या दिवशी इथे असशील. तोवर तू माझ्यासाठी राखून ठेवलेली नाहीस. पेशी तू दिल्यास, त्या आता माझ्या झाल्या. त्या माझ्या अंगात पुढे जे करतील ते माझ्या अंगाचं आणि माझ्या डॉक्टरांचं काम. कर्जाचंही मी आणि काका बघतोय, खालचा मळा विकायचा नाही असं ठरलंय, यंदाचं एक वर्ष गेलं इतकंच. तुझ्या साहेबांना सांग की विचार बदलला. उशीर झाला असेल तर पुढच्या वेळी सांग. पण माझं कारण पुन्हा द्यायचं नाही.

एक काम आहे तुझ्याकडे. जानेवारीत सहा महिने होतील, मग मला लहान मुलांच्या लशी पहिल्यापासून घ्याव्या लागणार. डिप्थीरिया, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, सगळं. जुन्या मज्जेबरोबर अंगातली ती ओळख पुसली गेली. गोवराची मात्र जिवंत लस असते, ती दोन वर्षं तरी नाही, आणि त्याआधी या गोळ्या बंद झाल्या पाहिजेत. पोलिओचं नाव ऐकलं आणि मला डॉ. सुरेश अडवाणी आठवले. १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये आपल्या देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण त्यांनी केलं, आणि लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते हे सगळं चाकाच्या खुर्चीतून करत आले. ते इंजेक्शन घेताना मी त्यांना मनातून नमस्कार करणार आहे. तर काम असं, की तुझं लहानपणचं लसीचं कार्ड आईने ट्रंकेत कुठेतरी ठेवलंय आणि तिला ते मिळत नाही. तू बारावीला असताना कॉलेजच्या कागदांसाठी काढलं होतंस ना? कुठल्या फाइलमध्ये घातलंस ते कळव. डॉक्टरांना त्याची गरज नाही, मलाच हवंय. माझ्या तारखा मी त्याच कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिणार आहे.

डिसेंबरात येशील तेव्हा पेढे, फुलं, बेकरीतलं काही आणू नकोस. सर्दी-खोकला असेल तर चार दिवस थांबून ये. मोठी छत्री आण, काळी, दोन माणसांची. डॉक्टरांना विचारलंय मी. पुरळ पूर्ण गेल्यावर, संध्याकाळी ऊन उतरलं की, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बांधापर्यंत जायला हरकत नाही म्हणाले, सोबत कुणी असेल तर. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई असेल तरच.

कानाच्या पाळ्या आता नेहमीच्या रंगाच्या झाल्यात. तळहातांची जुनी कातडी निघून खालून नवी गुलाबी येतेय. उजव्या अंगठ्यापाशी थोडं राहिलंय.

रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल कर. हात दाखवतो.

तुझा,
अण्णा